खुणाबद्ध शिलालेख आणि त्यांची यांत्रिक मोजदाद

अजिंठ्याच्या डोंगररांगेंत जंजाळा नांवाचें गांव आहे. त्याच्या जवळच्या दरींतील बौद्ध लेण्यास लोक घटोत्कच लेणें म्हणतात. वाकाटक नृपति हरिषेण याचा सचिव वराहदेव याच्या घराण्याची हकीकत देणारा एक संस्कृत शिलालेख तेथें आहे. आपलें कुळ वल्लूर नामक ब्राह्मणांचें असल्याचें त्यांत सांगितलें आहे. याच वराहदेवाचा दुसरा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत आहे. अजिंठा गांव सिल्लोड तालुक्यांत असलें तरी लेणीं शेजारच्या सोयगांव तालुक्यांत मोडतात. दोन्ही लेख ऊनपावसानें झिजलेले असून कित्येक ठिकाणीं अक्षरें पार नाहींशी झालीं आहेत. वाकाटकांच्या इतिहासाची बरीचशी इमारत मात्र याच झिजलेल्या दगडांवर उभी आहे.

या लेखांकडे आज पुन्हां वळण्याचें कारण निराळें आहे. गेल्या पंचवीस वर्षांत शिलालेखांचे पाठ केवळ छापण्याऐवजीं ते खुणाबद्ध करून ठेवण्याची पद्धति रूढ होत आहे. आणि अशा पाठांतील घटक वेंचून, मोजून, त्यांवरून अनुमानें काढण्यासाठीं संख्याशास्त्राची ‘आर’ ही संगणकभाषा वापरण्याकडे तरुण अभ्यासकांचा ओढा आहे. या उद्योगाचें आम्ही स्वागत करतों. परंतु त्यांत एक दोष शिरूं पाहत आहे, आणि तो वेळींच दाखविला नाहीं तर संपादकाचें अनुमान हेंच मूळ लेखाचें वचन म्हणून मोजलें जाईल, अशी आम्हांस भीति वाटते. हें परीक्षण त्या एका मुद्द्यापुरतें आहे.

प्रथम या पद्धतीचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. एक्सएमएल ही खुणा घालण्याची सर्वसामान्य रीति १९९८ सालीं प्रमाण ठरली. तींत मजकुराच्या प्रत्येक भागाभोंवतीं आरंभाची व शेवटाची अशा दोन खुणा घालतात. त्या दोहोंमधील भागास घटक म्हणावें. घटकाच्या पोटीं घटक, त्याच्या पोटीं आणखी घटक, अशी ती रचना असते. वंशावळ लिहिणाऱ्या आमच्या वाचकांस ती समजण्यास मुळींच अडचण पडूं नये, कारण तिची परिभाषाहि वंशावळीचीच आहे: मूळपुरुष, पिता, अपत्य, बंधु, पूर्वज. शिलालेखांसाठीं या रीतीचा जो विशेष प्रकार तयार झाला त्यास एपिडॉक म्हणतात. पाठांतील नष्ट, अस्पष्ट व पुरविलेलीं अक्षरें कोणत्या कंसांनीं दाखवावीं याविषयीं १९३१ सालीं लायडन येथें विद्वानांनीं जे संकेत ठरविले, तेच या प्रकारांत घटकांच्या रूपानें अवतरले आहेत. भारतीय लेखांपुरतें पाहतां ‘सिद्धम्’ या संग्रहानें व २०१९ सालीं आरंभ झालेल्या ‘धर्म’ प्रकल्पानें हीच रीति स्वीकारली.

आर भाषेचा जन्म न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत झाला. रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन हे तिचे जनक, आणि तिची १.० ही आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. ही भाषा कोष्टकांची व आंकड्यांची. खुणाबद्ध दस्तऐवज वाचण्यासाठीं तिला जोडसाहित्य लागतें. डंकन टेंपल लँग यांचें ‘एक्सएमएल’ हें त्यांतील जुनें. २०१५ पासून ‘एक्सएमएल-टू’ हें अधिक प्रचारांत आलें. दोहोंमध्यें इष्ट घटक हुडकण्यासाठीं एक्सपाथ ही पत्ता सांगण्याची पद्धति वापरतात.

दोष दाखविण्यापूर्वीं गुण मान्य करणें हें परीक्षकाचें कर्तव्य आहे. छापील कंसांची भाषा एकसारखी कधींच नव्हती. लायडनच्या संकेतांत चौकटी कंस म्हणजे नष्ट झालेलें व संपादकानें भरलेलें अक्षर. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चालीप्रमाणें नुसता चौकटी कंस हा झिजलेल्या वा संशयित अक्षराचा असून पदरचें अक्षर दाखविण्यासाठीं त्यांत तारका घालतात. दोन्ही परंपरांचीं पुस्तकें एकाच मेजावर ठेवून काम करणाऱ्याचा घोंटाळा झाला तर नवल नाहीं. खुणाबद्ध पाठांत हा संशय राहत नाहीं. ‘पुरविलेलें’ या घटकावर तें नष्ट झाल्यामुळें पुरविलें कीं कोरणाऱ्यानें गाळल्यामुळें पुरविलें, कोणीं पुरविलें, व पुरविणाऱ्यास त्याची खात्री किती, एवढ्या सर्व गोष्टी नोंदतां येतात. कंसास हें सामर्थ्य नव्हतें. राजवाड्यांच्या पिढीपासून आमच्या संशोधकांनीं अस्सल व नक्कल यांचा भेद राखण्यासाठीं जो कटाक्ष बाळगला, त्यास अनुरूप असेंच हें साधन आहे.

मग दोष कोठें आहे? तो लिहिण्यांत नसून वाचण्यांत आहे. छापील पानावर कंस डोळ्यांस दिसतोच. तो न पाहतां पुढें जाण्यास वाचकास हट्टानें डोळे मिटावे लागतात. आर भाषेंत मात्र उलट प्रकार आहे. घटकाचा मजकूर द्यावा अशी आज्ञा केली असतां ती भाषा त्या घटकाच्या पोटांतील सर्व वंशजांचा मजकूर सलग जोडून हातीं देते, आणि खुणा तेवढ्या गाळून टाकते. दगडावर आहे तें अक्षर, अर्धवट दिसतें तें अक्षर, व संपादकानें छंदाच्या आधारें बसविलेलें अक्षर, तिन्ही एका रांगेंत, एकाच तोलानें उभीं राहतात. उलट जेथें तीन अक्षरें नष्ट झाल्याची नोंद आहे तो घटक पोटीं रिकामा असल्यामुळें मागें कांहींच ठेवीत नाहीं. त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांस येऊन भिडतात आणि दगडावरील खिंडार बुजून जातें. आज्ञेनें सांगितलेलें काम चोख केलें, हें खरें. पण ज्या भेदासाठीं खुणा घातल्या तो भेद पहिल्याच पायरीवर गेला.

याहून विचित्र प्रकार पाठभेदांचा. कोरणाऱ्याची चूक व तिची दुरुस्ती एपिडॉकमध्यें शेजारी शेजारी ठेवतात. तसेंच स्वीकृत वाचन व पूर्वसूरींचीं वाचनें एकाच घटकाच्या पोटीं भावंडांप्रमाणें राहतात. मजकूर काढण्याची आज्ञा या भावंडांत निवड करीत नाहीं. ती चूक व दुरुस्ती दोन्ही देते, स्वीकृत वाचन देते आणि त्याज्य वाचनहि देते. आम्हीं अभ्यासादाखल एका श्लोकाचा पाठ दोन पाठभेदांसह खुणाबद्ध करून या आज्ञेस दिला, तेव्हां जो श्लोक बाहेर आला तो कोणत्याहि वृत्तांत बसणारा नव्हता, व कोणत्याहि दगडावर कोरलेला नव्हता. लहान श्लोकांत ही गोष्ट ध्यानांत येते. शेंकडों लेखांची एकदम मोजणी करणाऱ्याच्या ती ध्यानांत कशी यावी?

येथवर सांगितलेले दोष अज्ञानामुळें घडतात. पुढील तीन मात्र जाणत्यासहि चकवितात.

पहिला नामक्षेत्राचा. एपिडॉकच्या फाईलींत आरंभींच सर्व घटक अमुक एका नामक्षेत्राचे आहेत असें घोषित केलेलें असतें. त्या नामक्षेत्राचा उपसर्ग न लावतां ‘पुरविलेलें’ हा घटक शोधला, तर एक्सएमएल-टू चूक दाखवीत नाहीं. शून्य घटक सांपडले असें शांतपणें कळवितें. अर्थात् ज्या लेखांत निम्मीं अक्षरें संपादकाचीं आहेत तोहि पूर्णपणें अखंड लेख ठरूं शकतो. न सांपडणें व नसणें यांतील फरक संशोधकास सांगावयास नको. पण यंत्राचें शून्य पाहिलें कीं तो विसरला जातो.

दुसरा पत्त्याचा. एखादा श्लोक हातीं घेऊन त्यांतीलच पुरविलेलीं अक्षरें हवीं असतां पत्त्याच्या आरंभीं केवळ दोन तिरप्या रेघा दिल्या, तर शोध त्या श्लोकांत न होतां सबंध दस्तऐवजाच्या मूळापासून होतो. रेघांच्या आधीं एक टिंब दिलें तरच तो त्या श्लोकापुरता राहतो. एका टिंबाच्या अभावीं प्रत्येक श्लोकास सबंध लेखाचा आंकडा चिकटतो. अनुस्वाराच्या एका टिंबासाठीं भांडणाऱ्या आम्हां मराठी लोकांना तरी या टिंबाचें महत्त्व पटावें!

तिसरा नकलेचा, आणि हाच सर्वांत घातक. आर भाषेंत सामान्यतः एका नांवाची वस्तु दुसऱ्या नांवास दिली व दुसरींत फेरफार केला तर पहिली अबाधित राहते. एक्सएमएल-टूच्या दस्तऐवजाचें तसें नाहीं. तेथें दोन्ही नांवें एकाच दस्तऐवजाकडे बोट दाखवितात. अभ्यासक सावधगिरी म्हणून पाठाची ‘नक्कल’ करतो, तींतून पुरविलेले घटक काढून टाकतो, आणि मूळ सुरक्षित आहे अशा समजुतीनें पुढें चालतो. वस्तुतः मूळांतूनहि ते गेलेले असतात. पुढें संपादकाचा पाठ व दगडाचा पाठ यांची तुलना केली कीं दोन्ही तंतोतंत जुळतात, आणि ‘पुरवणीनें निष्कर्षांत फरक पडत नाहीं’ असें समाधानकारक विधान लिहिलें जातें. त्यावर उपाय सोपा आहे: फाईल पुन्हां वाचावी. परंतु उपाय सुचण्यास आधीं रोग कळावा लागतो.

मोजणीच्या एककाविषयींहि दोन शब्द लिहिणें जरूर आहे. शिलालेखांत ‘तीन अक्षरें नष्ट’ असें म्हणतों तेव्हां आपणांस ब्राह्मीपासून चालत आलेलें अक्षर अभिप्रेत असतें. ‘क्षि’ हें आपल्या दृष्टीनें एक अक्षर. आर भाषेची सामान्य अक्षरगणना तेथें चार मोजते: क, हलन्ताचें चिन्ह, ष व वेलांटी. रोमन लिप्यंतरांत तेंच तीन होतें, आणि खालचें टिंब सुटें लिहिलें असेल तर पुन्हां चार. तेव्हां नष्ट भागाची संख्या खुणेच्या नोंदींतून घ्यावयाची व शिल्लक भागाची संख्या यंत्राकडून घ्यावयाची, आणि त्यांचें प्रमाण काढून ‘लेखाचा इतका भाग शाबूत आहे’ म्हणून सांगावयाचें, हें खंडी व मण एकाच रकान्यांत मिळविण्यासारखें आहे.

रचनेंतील आणखी एक अडचण दगड आणि छंद यांच्या विसंवादाची आहे. वराहदेवाचे लेख पद्यांत आहेत. कोरणारा जागा संपली कीं ओळ मोडतो. श्लोकाचा चरण कोठें संपतो याची तो पर्वा करीत नाहीं. वंशवृक्षांत एका मुलास दोन बाप असूं शकत नाहींत, म्हणून एकच अक्षर ‘चौथी ओळ’ व ‘दुसरा श्लोक’ अशा दोन घटकांच्या पोटीं राहूं शकत नाहीं. एपिडॉकनें श्लोकास घटकाचा मान दिला, व दगडाची ओळ जेथें सुरू होते तेथें केवळ एक रिकामी खूण, मैलाच्या दगडासारखी, रोंवली. परिणामीं चौथ्या ओळींतील मजकूर मागणाऱ्यास हातीं कांहीं लागत नाहीं, कारण त्या खुणेच्या पोटीं मजकूरच नसतो. तो तिच्या पुढें असतो. आणि शिलालेखाची झीज तर ओळींप्रमाणें, कडेप्रमाणें व भेगेप्रमाणें होते, श्लोकांप्रमाणें होत नाहीं. झिजेचा अभ्यास श्लोकवार कोष्टकांवर करणें म्हणजे दगडाचें दुखणें पुस्तकाच्या नाडीवरून ओळखणें होय.

हा सर्व काथ्याकूट कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर या प्रांताच्याच इतिहासांत आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६० च्या दशकांत लक्ष दिलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं १८८१ सालीं आणि ब्यूलर यांनीं १८८३ सालीं त्याचा पाठ प्रसिद्ध केला. वाकाटक राजांची परंपरा ज्या श्लोकांत आहे तेथें अक्षरें विशेष झिजलेलीं आहेत. त्यांतील एका श्लोकांत कुंतलाच्या राजास जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि तेथील राजनाम ब्यूलर यांच्या वाचनांत पृथिवीषेण असें आलें. ब्यूलर यांची योग्यता मोठी. समोर असलेल्या ठशावरून व त्या काळीं माहीत असलेल्या वंशावळीवरून त्यांनीं तें वाचन केलें. पण पुढें इतिहासग्रंथांत तें वाचन उरलें नाहीं, ती घटना झाली. पहिल्या पृथिवीषेणानें कुंतल देश जिंकला, असें कित्येक वर्षें निःशंकपणें लिहिलें गेलें.

१९३९ सालीं वाशीम येथें एक ताम्रपट उजेडांत आला. त्याचा कांहीं भाग संस्कृत व कांहीं प्राकृत असून तो वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहूनच, दुसऱ्या विंध्यशक्तीनें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं दिलेला आहे. त्यावरून पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याची एक निराळी शाखा वत्सगुल्मास राज्य करीत होती, ही गोष्ट प्रथमच कळली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं या प्रकाशांत अजिंठ्याचा लेख पुन्हां तपासला व १९४१ सालीं त्याची नवी आवृत्ति काढली. सर्वसेनाचें नांव त्या दगडावर होतें. आणि कुंतलविजयाच्या श्लोकांतील राजा पृथिवीषेण नसून विंध्यसेन, म्हणजे ताम्रपटांतील विंध्यशक्ति, होता. ज्या पृथिवीषेणाच्या पदरीं तो विजय बांधला गेला होता त्याचा त्या दगडाशीं संबंधच नव्हता. १९६३ सालीं वाकाटक लेखांच्या संग्रहांत मिराशींनीं घटोत्कच लेण्यांतील लेखासह हे सर्व पाठ एकत्र केले.

आतां अशी कल्पना करावी कीं हा श्लोक उत्तम रीतीनें खुणाबद्ध झाला आहे: स्वीकृत वाचन विंध्यसेन, त्याज्य वाचन पृथिवीषेण, आणि प्रत्येकापुढें वाचणाऱ्याचें नांव. संपादकानें आपलें काम निर्दोष केलें. परंतु अभ्यासकानें आर भाषेंत राजनामांची सूची करण्यासाठीं सरसकट मजकूर उपसला, तर पृथिवीषेण पुन्हां त्या श्लोकांत येऊन बसेल, विंध्यसेनाच्या शेजारीं, तितक्याच अधिकारानें. ज्यास हाकलण्यास ताम्रपट सांपडावा लागला व मिराशींसारख्या विद्वानास दगडापुढें उभें राहावें लागलें, तो तोतया एका आज्ञेनें परत येईल. आणि या वेळीं त्याच्या अंगावर ब्यूलरचें नांवहि असणार नाहीं. छापील पुस्तकांतील भूल निदान कोणाची तरी होती; ही भूल कोणाचीच नसेल. आमचा खरा आक्षेप येथें आहे.

यावर आमचें म्हणणें यंत्र सोडून द्यावें असें नाहीं. ज्या एक्सपाथच्या पत्त्यांनीं चकवा बसतो त्यांतच उतारा आहे. त्या पद्धतींत पूर्वज पाहण्याची सोय आहे. मजकुराचा प्रत्येक तुकडा सुटा घ्यावा आणि त्याच्या पूर्वजांत ‘पुरविलेलें’, ‘अस्पष्ट’, ‘दुरुस्ती’ किंवा ‘त्याज्य वाचन’ यांपैकीं कोणी आहे काय, हें विचारावें. त्याच्या मागें सर्वांत जवळ असलेली ओळीची खूण कोणती, हेंहि विचारतां येतें. म्हणजे दगडाची ओळ व छंदाचा श्लोक दोन्ही हातीं येतात. नष्ट भागाच्या रिकाम्या घटकांसहि स्वतंत्र ओळ द्यावी. असें केल्यावर जें कोष्टक तयार होईल त्यांत प्रत्येक तुकड्यास आपला पत्ता, आपली अवस्था व आपला जबाबदार संपादक असेल. आर भाषा कोष्टकांची भाषा असल्यामुळें हें तिच्या स्वभावास धरूनच आहे. आणि एकाच मोजणीचे दोन आंकडे, एक केवळ दगडावरील अक्षरांचा व दुसरा पुरवणीसह, शेजारी शेजारी देणें मग मुळींच कठीण नाहीं.

आमच्या मतें अशा प्रकारच्या कोणत्याहि निबंधानें हे दोन आंकडे दिलेच पाहिजेत. दोहोंत अंतर थोडें असेल तर निष्कर्ष दगडावर उभा आहे असें समजावें. अंतर मोठें असेल तर तो संपादकाच्या विद्वत्तेवर उभा आहे असें स्पष्ट लिहावें. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. संपादकाची विद्वत्ता हीहि प्रमाणच आहे. मात्र तिचें नांव घेऊन तिचा आधार घेतला पाहिजे. त्याचप्रमाणें मजकूर कोणत्या आज्ञांनीं काढला तें सांगणें हें आतां हस्तलिखिताचा क्रमांक सांगण्याइतकेंच आवश्यक समजलें पाहिजे. शून्य हा आंकडा आल्यास तो छापण्यापूर्वीं एकदां डोळ्यांनीं फाईल उघडून पाहावी, ही सूचना तर आम्ही विशेष आग्रहानें करतों.

शेवटीं एक गोष्ट. जंजाळ्याच्या लेण्यांतील लेखाचा उत्तरार्ध झिजेनें इतका गेला आहे कीं त्यांत काय होतें हें पुष्कळ ठिकाणीं सांगतां येत नाहीं. आपल्या कुळाची कीर्ति शाश्वत व्हावी म्हणून वराहदेवानें दगड निवडला. दगडानें पंधराशें वर्षांत जेवढें राखतां येईल तेवढें राखलें. उरलेल्या जागा रिकाम्या आहेत, आणि त्या रिकाम्या आहेत हेंहि त्या लेखाचें सांगणेंच आहे. यंत्रानें अक्षरांबरोबर तें रितेपणहि मोजावें, एवढीच आमची अपेक्षा.